न फिरणारा आहेर

माझ्या घरात भिंतीवर तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही जयमालावहिनींनी दिलेली आहेत. एक बंद आहे, एक पुढे आहे आणि तिसऱ्यात दर तासाला कोकिळा ओरडते. मी एकटा माणूस, रिटायर्ड. मला अशी किती वेळ बघायची असते? पण नाही म्हणायची सोय नाही. वहिनी समोरच्याच दारात राहतात. त्यांनी दिलेली वस्तू कोणी नाकारली, असं आमच्या नेरुळच्या जुन्या सिडको इमारतीत अजून घडलेलं नाही.

वहिनींच्या आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. घरात आलेली प्रत्येक भेट त्या कपाटात जाते आणि तिथून दुसऱ्याच्या घरी. लेमन सेट, चादरी, ब्लाउजपीस, स्टीलचे डबे, चांदीच्या मुलाम्याचे गणपती. आता आहेर फिरवणं आपल्याकडे काही नवं नाही. सगळेच फिरवतात, फक्त कबूल करत नाहीत. पण बाकीचे लोक नको असलेली वस्तू फिरवतात आणि वहिनी हवी असलेलीही फिरवतात. मी जन्मभर न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी केली. आलेला माल पुढे पाठवायचा, हेच काम. पण आमच्याकडेही एखादा कंटेनर महिनोन्महिने पडून राहायचा. वहिनींकडे काही पडून राहत नाही.

बरं, हा सगळा कारभार डोक्यात. कोणी काय दिलं, ते कुठे गेलं, ज्याचं त्यालाच परत जाऊ नये म्हणून काय टाळायचं, सगळं तोंडपाठ. भर हळदीकुंकवात कोणाचा डबा कोणाच्या हातात पडतोय याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

“वस्तू म्हणजे पाहुणी हो, बंडूभावजी,” त्या मला म्हणतात. “आली, टेकली, चहा घेतला, निघाली. तिला का कोणी धरून ठेवतं?”

त्यांनी दिलेल्या वस्तूंपैकी एकच माझ्या खऱ्या उपयोगाची निघाली. निळ्या चौकड्यांचा लोकरी मफलर. नवी मुंबईत मफलर लागतो कशाला, असं लोक मला विचारतात. मला लागतो. डिसेंबर उजाडला की मला सर्दी होते आणि ती फेब्रुवारीपर्यंत मुक्काम करते. तो मफलर मूळचा कोणाचा, हे मी वहिनींना कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

वहिनींचे यजमान माझे मित्र. ते आता नाहीत. मुलगा आशुतोष आयटीत आहे. त्याचं लग्न झालं आणि मनस्वी घरात आली. करावे गावची मुलगी, खाडीवरच्या जुन्या घरातली, बँकेत नोकरीला. सासू फलटणची. एकीला सुक्या बोंबलाचा वास सोसवत नाही आणि दुसरीच्या जिभेला त्याशिवाय चव नाही. तरी दोघींचं भांडण मी कधी ऐकलं नाही. आमच्या भिंती अशा आहेत की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी माझा भात उतरवतो, त्यामुळे झालं असतं तर मला कळलंच असतं.

पण मनस्वीला एक गोष्ट खुपत होती. पहिल्या दिवाळीला तिने सासूला जांभळी साडी आणली. ती आशुतोषच्या आत्याच्या अंगावर दिसली. वाढदिवसाला पर्स दिली, ती भजनी मंडळात गेली. मिक्सर आणला, तो आमच्या वॉचमनच्या, हिरामणच्या मुलीच्या लग्नात रुखवतावर मांडलेला मी स्वतः पाहिला. मनस्वी हसून सोडून द्यायची. एका पावसाळ्यात मात्र तिने डाळिंबी रंगाची मऊ शाल घेतली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत बसून तिच्या एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने ‘ज’ काढला. जयमालाचा ज. वहिनींनी शाल पिशवीतून अर्धी बाहेर काढली, “छान आहे हो,” म्हणाल्या आणि कपाटात ठेवली. कोपरा पिशवीतच राहिला.

पुढे सुमारे दीड वर्षाने, एका रविवारी मनस्वीने माझी बेल वाजवली. हातात तीच शाल.

“काका, ओळखा बघू ही कुठून आली.”

“कपाटातून चोरलीस?”

“माझ्या आईने दिली मला. आज. करावेला.” ती खुर्चीत बसली. “सासूबाईंनी ती भजनी मंडळातल्या शेवंताबाईंना दिली, त्यांच्या वास्तुशांतीला. शेवंताबाईंनी दिली त्यांच्या लेकीला. ती लेक राहते आमच्या करावेच्या खोलीत भाड्याने. तिने दिवाळीला घरमालकीण म्हणून माझ्या आईला दिली. आणि आई मला म्हणते, ‘पोरी, ही तुजे सासूला ने. लय मऊ हाय. कोपऱ्याला ज काढलाय, तो कंपनीचा नाव असंल.’”

मी हसलो. मला वाटलं तीही हसेल. तिने शाल मांडीवर घेतली आणि बोटाने तो ज घासत राहिली.

“काका, मला वस्तूचं काही नाही. पण त्या घरात माझं असं काहीच राहत नाही हो. मी दिलं की गेलं. मग वाटतं, मी पण त्यांना पाहुणीच वाटते की काय.”

मी चहा टाकला. पण त्या पोरीने ते वाक्य ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज माझ्या कानात बसला. वहिनींचा मला मनापासून राग आला. तीन घड्याळांचा कधी आला नव्हता एवढा.

कपाटात ठेवता येणार नाही आणि कोणाला देता येणार नाही अशी भेट शोधायची, हे त्या चहावर ठरलं. शोधून काढली मनस्वीनेच. डिसेंबरात वहिनींना साठ वर्षं पूर्ण झाली. केक कापून झाल्यावर मनस्वीने त्यांच्या हातात पाकीट दिलं. कामशेतच्या पुढे एका माळावरून मोठा फुगा उडतो, त्यात बसून तासभर आकाशात फिरायचं. तिघांची तिकिटं, सासू, मुलगा आणि सून.

“फुग्यात?” वहिनी म्हणाल्या. “मी काय जत्रेतली पोर आहे?”

“मोठा असतो आई. तीन मजली इमारतीपेक्षा मोठा.”

“बरं बरं. छान आहे हो.”

हे ‘छान आहे हो’ मला चांगलं ओळखू येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट घेऊन वहिनी माझ्या दारात.

“भावजी, तुम्हाला हवापालट हवाच आहे.”

“मला सर्दी आहे.”

“वर हवा स्वच्छ असते.”

“वहिनी, त्यावर तुमचं नाव छापलंय. आधारकार्ड बघतात. नाव बदलत नाही.” हे मला मनस्वीने पढवून ठेवलं होतं.

मी कोकिळेच्या घड्याळाकडे बघतो तसं वहिनींनी पाकिटाकडे बघितलं आणि विचार करत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण नाव बदलत नाही म्हटल्यावर त्या नावाचं दुसरं माणूसच शोधायचं, ही अक्कल जगात फक्त जयमालावहिनींकडे असू शकते. आठवड्याभरात त्यांनी सेक्टर सहाच्या विरंगुळा केंद्रात दुसरी जयमाला शोधून काढली. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि यायला एका पायावर तयार! त्यांची एकच शंका होती, वर बाथरूमची सोय काय? त्या शंकेचा निकाल लागेपर्यंत मनस्वीने आडनाव आणि आधारकार्डाचा फोटो यांवरून तो डाव मोडून काढला. दुसऱ्या जयमालाबाई अजून आमच्यावर रागावून आहेत.

जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही निघालो. गाडी आशुतोष चालवत होता, आणि मला ‘जरा बघायला’ म्हणून सोबत घेतलं होतं. मफलर मी कानांवरून गुंडाळला होता. वहिनी वाटेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, त्या फक्त पोरीचं मन मोडू नये म्हणून येताहेत.

माळावर चांगलीच थंडी होती. गाडीतून उतरल्यावर वहिनी कुडकुडायला लागल्या, तेव्हा मनस्वीने आपल्या पिशवीतून डाळिंबी शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. अंधार होता. वहिनींनी ती न बघताच लपेटून घेतली.

फुगा अजून जमिनीवर आडवा पडलेला होता आणि दोन पंखे त्यात हवा भरत होते. शेजारी वेताची टोपली, एखाद्या छोट्या खोलीएवढी. आशुतोषने टोपली बघितली, तिच्या कडेची उंची बघितली, मग वर आकाशाकडे बघितलं.

“मम्मी, मी काय म्हणतो, मी खालून जीपमधून येतो. शूटिंग पण नीट होईल.”

“घाबरलास होय रे?”

“टेन्शन नाही गं. पण सकाळपासून पोटात जरा...”

आता इथे काय व्हावं? एक तिकीट मोकळं झालं, आणि ते वाया जाणार या विचाराने वहिनी उजळल्या. माझा दंड धरून त्यांनी मला नावं तपासणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी उभं केलं. “मुलाच्या जागी हे. बघ बाई जमत असेल तर.”

“जमेल ना आँटी. नाव बदलून देते,” ती मुलगी म्हणाली.

“बदलतं?”

“हो, त्यात काय.”

वहिनी हळूच वळल्या. मनस्वी आपल्या बुटांची लेस बांधायला लागली. तिच्या बुटांना लेस नव्हती. मी मफलरमध्ये जेवढं तोंड घालता येईल तेवढं घातलं.

“आणि माझं?” वहिनींनी विचारलं. “माझं पण बदलेल?”

“बदलेल की. कोणाचं टाकू?”

वहिनी आजूबाजूला बघायला लागल्या. जीपचा ड्रायव्हर होता, पंखा धरणारी माणसं होती, लांब दुधाच्या किटल्या घेऊन थांबलेला कोणी होता. त्यातला एखादा हेरायला त्यांना कितीसा वेळ लागणार? मनस्वी खाली बसली होती ती उठलीच नाही. आणि तेवढ्यात जाळ भडकला. फुग्याच्या तोंडाशी भसकन ज्योत निघाली, तो आडवा पडलेला पसारा थरथरला आणि उठून बसायला लागला. लाल, पिवळा, केशरी. आतून उजळलेला. बघता बघता तो आमच्या डोक्यावर ताठ उभा राहिला.

“अगं बाई!” वहिनी म्हणाल्या.

“आँटी, नाव कोणाचं टाकू?”

“थांब गं जरा.” त्या मान मागे टाकून बघतच होत्या. पदर सुटला होता, त्याचंही भान नव्हतं. “राहू दे. आहे तेच राहू दे.” आणि कुणी हात द्यायच्या आत त्या टोपलीच्या खाचेत पाय अडकवून वर चढल्या.

मी कसा चढलो ते सांगत नाही. दोघांनी ढकललं एवढं पुरे.

पायलटचं नाव प्रसाद. त्याने उतरताना गुडघे कसे वाकवायचे ते शिकवलं आणि जाळ सोडला. मला वाटलं होतं, झोपाळ्यासारखं पोटात काहीतरी होईल. काहीच झालं नाही. जमीनच मुकाट्याने खाली गेली. आशुतोष हात हलवत होता, मग तो बोटाएवढा झाला, मग जीप काडेपेटीएवढी. सूर्य डोंगराच्या कडेवर आला आणि पवनेच्या पाण्यावर उजेड पसरला. भीती वाटायला हवी होती, पण मला चक्क मजा वाटत होती, आणि या वयात ही गोष्ट मला लिहून ठेवावीशी वाटते.

“उतरायचं कुठे?” वहिनींनी प्रसादला विचारलं.

“माहीत नाही काकू. वर-खाली माझ्या हातात, बाकी वारा नेईल तिकडे. ज्याच्या शेतात उतरू त्याचे पाहुणे.”

“म्हणजे कोणाच्या घरी जाणार, पत्ताच नाही?” वहिनी खळखळून हसल्या. “भावजी, आज आपलाच आहेर झाला की हो!”

जाळ बंद असला की वर अजिबात आवाज नसतो. खाली कुठेतरी कोंबडा आरवला तो स्पष्ट ऐकू आला. वहिनी टोपलीच्या कडेला हात ठेवून उभ्या होत्या आणि सवयीने शालीचं टोक बोटांत चाळवत होत्या. बोट अडलं. त्यांनी टोक उजेडात धरलं.

“हा ज कोणी काढला?”

“मी,” मनस्वी म्हणाली.

“कधी?”

“घेतली तेव्हाच. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात. तुमच्यासाठी.”

वहिनींचं डोकं चालायला लागलेलं मला दिसलं. कपाटाचा तो सगळा तोंडपाठ कारभार त्या मनात उलगडत होत्या. “डाळिंबी. शेवंताबाई. वास्तुशांत.” त्या थांबल्या. “मग तुझ्याकडे कशी?”

मनस्वीने सांगितलं. शेवंताबाई, त्यांची लेक, करावेची खोली, आई. रागाने नाही, साधं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आई, तिकिटाचं खोटं बोलले मी. तुम्ही हे पण दिलं असतंत कोणाला तरी.”

वहिनी पाण्याकडे बघत बोलल्या, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात मी हे कधी ऐकलं नव्हतं.

“माझ्या लग्नात माहेरच्यांनी एक हिरवी साडी दिली होती. बाबांनी पुण्याहून स्वतः निवडून आणलेली. आमच्या सासूबाईंनी ती नणंदेच्या लग्नात तिला देऊन टाकली. मला न विचारता. मी चुलीपाशी बसून रडले आणि मग ठरवलं, हातात आलेलं आपलं समजायचंच नाही. आपण होऊन देऊन टाकायचं. म्हणजे कोणी नेल्याचं दुःख नाही.” त्यांनी नाक ओढलं. “ते मग अंगवळणीच पडलं गं. तुला लागत असेल हे ध्यानातच आलं नाही माझ्या.”

“लागलं,” मनस्वी म्हणाली.

“हो. लागणारच.”

एवढंच बोलणं झालं. मी दुसऱ्या बाजूला तोंड करून डोंगर बघत होतो. टोपलीत माणसाला उठून बाहेर जाता येत नाही, ही त्या वाहनातली मोठीच गैरसोय आहे.

आम्ही उतरलो ते कापणी झालेल्या भाताच्या खाचरात. दोन आचके बसले, टोपली कलंडता कलंडता राहिली आणि मी प्रसादच्या अंगावर पडलो. बांधावरून एक बाई धावत आल्या. भिमाबाई त्यांचं नाव, शेत त्यांचंच. आकाशातून माणसं पडल्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. “मागच्या येळंला गोरी माणसं आल्ती,” म्हणाल्या. “या, च्या घ्या.” जीप येईपर्यंत आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून आलं घातलेला गुळाचा चहा प्यालो. आशुतोष धापा टाकत आला, त्यालाही कप मिळाला.

निघायची वेळ झाली आणि मी वहिनींकडे बघितलं. परक्या घरचा चहा प्यालेली ही बाई रिकाम्या हाताने उठणं शक्य नव्हतं. त्यांनी पिशवी शोधली. पिशवी तिकडे माळावर गाडीत राहिली होती. कमरेला हात गेला, तिथे काही नव्हतं. मग तो हात खांद्यावर गेला. ती हालचाल मी ओळखतो, आयुष्यभर बघितली आहे. शाल एका खांद्यावरून उतरली.

मनस्वीनेही बघितलं. तिने हातातला रिकामा कप ओट्यावर ठेवला आणि जीपकडे चालू लागली.

“नको नको, ताई,” भिमाबाई म्हणत होत्या, पण हात पुढे आलेला होता. शाल होतीच तशी.

वहिनींच्या हातात शालीचं टोक होतं. त्यांनी ते बघितलं, पाठमोऱ्या मनस्वीकडे बघितलं आणि शाल पुन्हा खांद्यावर ओढून घट्ट लपेटली.

“ही नाही हो देता यायची, बाई,” त्या मोठ्याने म्हणाल्या, जीपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “ही माझ्या सुनेनं मला केलीय. माझं नाव आहे हिच्यावर.”

मनस्वी थांबली.

मलाही गहिवरून आलं. मी डोळे टिपायला मफलरचं टोक वर घेतलं, तर समोर वहिनींचा हात.

“भावजी, मफलर काढा.”

“वहिनी, मला सर्दी...”

“काढा म्हणते ना. बाईंच्या घरचा चहा प्यालात की नाही?”

काय करणार? माझा निळ्या चौकड्यांचा मफलर भिमाबाईंच्या गळ्यात पडला, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त शोभला.

परतीच्या वाटेवर मनस्वी आणि आशुतोष पुढे, मी आणि वहिनी मागे. लोणावळा यायच्या आत मला शिंका सुरू झाल्या. चौथ्या शिंकेनंतर मी म्हटलं, “वहिनी, घाट उतरेपर्यंत जरा ती शाल द्या.”

“नाही,” वहिनी म्हणाल्या.

असा नुसता ‘नाही’ त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी शालीचा तो कोपरा मुठीत धरला आणि डोळे मिटले. मनस्वीने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग आशुतोषला माझ्या बाजूची काच वर करायला सांगितली.